बोट पाण्याबाहेर काढण्याचा इतिहास

नागाव, वरसोली किंवा काशीदच्या किनाऱ्यावर तुम्ही कधी गेला असाल, तर स्पीडबोटीचा एखादा फोटो तुमच्या फोनमध्ये असेलच. त्या फोटोच्या कडेला, बहुतेक वेळा क्रॉप करून टाकलेली, आणखी एक वस्तू असते. गंजलेली, वाळूत अर्धी रुतलेली, ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली ट्रॉली. सकाळी ती बोटीला घेऊन पाण्यात शिरते, बोट तरंगली की रिकामी बाहेर येते आणि संध्याकाळी पुन्हा आत जाऊन बोट उचलून आणते. हा लेख त्या ट्रॉलीबद्दल आहे.

माझा मामेभाऊ रायगडच्या किनाऱ्यावर अशी एक बोट चालवतो. त्याची जुनी ट्रॉली चौकोनी लोखंडी पाइपांची होती. गावाजवळच्या वेल्डरने बनवलेली, वर निळा ऑइलपेंट. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, बोट वर असताना, तिचा मधला पाइप बसला. बाहेरून रंग शाबूत होता. पाइप कापून बघितला तर आत बिस्किटासारखे पापुद्रे. खारं पाणी सांध्यांच्या भोकांतून आत जात होतं आणि बाहेर यायला त्याला वाटच नव्हती. आता नवी घ्यायची तर दोन पर्याय होते. एक जस्ताचा मुलामा दिलेली, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड. दुसरी ॲल्युमिनियमची, चांगलीच महाग. पैसे पतसंस्थेच्या कर्जाचे आणि हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच. "तू इंजिनिअर आहेस ना, मग सांग," असं दादा म्हणाला. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, हा फरक आमच्या घरात कोणी मानत नाही.

मग मी वाचायला लागलो, आणि ट्रॉलीवरून सुरू झालेलं वाचन थेट सतराव्या शतकात जाऊन थांबलं. कारण बोट खाऱ्या पाण्यातून बाहेर काढायची कशी आणि बाहेर काढल्यावर तिचं करायचं काय, हा प्रश्न या किनाऱ्याने ट्रॅक्टर येण्याच्या कितीतरी आधी सोडवला होता.

सुरुवात पावसाळ्यापासून करावी लागते. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर आपटतो. आज सरकारी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै अशी असते, पण ती कागदावर येण्याआधीही होड्या मेच्या अखेरीला वर घेतल्या जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात जात. वर घेण्याचा दिवस उधाणाचा निवडायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत उंच येते, म्हणजे अर्धं काम समुद्रच करतो. तो होडीला जेवढी वर आणून सोडेल, तेवढं माणसांनी कमी ओढायचं. उरलेलं अंतर लाकडी ओंडके खाली सरकवत, गावातले सगळे हात लावून. वर नारळाच्या झापांचं छप्पर. आता झापांच्या जागी निळी ताडपत्री आणि हातांच्या जागी जेसीबी आला आहे, बाकी क्रम तोच.

भरतीची वेळ काढायचं कोकणातलं सूत्र तुम्हाला ठाऊक असेल तर पुढचा परिच्छेद सोडा. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणून साडेचारला. कागद नाही, अॅप नाही, नेटवर्क नाही. मी हे तपासून पाहिलं. चंद्रामुळे भरती एका तिथीला साधारण 48 मिनिटं पुढे सरकते आणि सूत्र 45 मिनिटं धरतं. म्हणजे तिथीमागे तीन मिनिटांची चूक, आणि पंधराव्या तिथीला ती पाऊण तासाची होते. सूत्र पौर्णिमेला सव्वा अकरा सांगतं, भरती येते बाराच्या सुमाराला. पण पौर्णिमा संपली की मोजणी पुन्हा एकपासून, त्यामुळे चूक साचत नाही. पाऊणपट तोंडी करता येते, चार-पंचमांश करता येत नाही. ज्याने हे बसवलं त्याने अचूकता आणि वापरणाऱ्याची सोय यांतला सौदा पक्का ओळखला होता. आमच्या ऑफिसात एवढ्यासाठी तीन मीटिंगा झाल्या असत्या.

आरमारालाही हेच वेळापत्रक होतं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र 1716 च्या सुमाराचं. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. शाळेत आपल्याला त्यातला झाडांचा भाग शिकवतात. जहाजांना लाकूड लागतं ते हुजुराच्या परवानगीने तोडावं, पण रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत. तो भाग सुंदर आहेच. मला मात्र त्याच प्रकरणातली पावसाळी छावणीची काळजी जास्त ओळखीची वाटली. समुद्र बंद असतो तेव्हा गलबतं कुठे ठेवायची? किल्ल्याच्या आश्रयाचं बंदर हवं. वर्षातले चार महिने आरमार हे लढण्याचं साधन नसून सांभाळण्याची वस्तू असतं, हे लिहिणाऱ्याला नीट माहीत होतं.

बोटी लहान ठेवण्याचा या सगळ्याशी संबंध आहे. थळच्या समोर खांदेरी बेट आहे. 1679 च्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, मायनाक भंडारी शंभर-दीडशे माणसं घेऊन तिथे उतरला आणि तटबंदी सुरू झाली. मुंबईच्या इंग्रजांना ते बेट आपल्या दारातली कुऱ्हाड वाटलं. त्यांनी रिव्हेंज हे मोठं जहाज आणि बरोबर छोटी जहाजं पाठवली. कागदावर हा सामना एकतर्फी होता. पण शिवाजी महाराजांची शिबाडं आणि लहान होड्या उथळ पाण्यात चालत, वारा पडला तर वल्ह्यांवर चालत आणि रात्री इंग्रजांच्या बाजूने सटकून बेटावर सामान पोचवत. पाठलाग झाला तर उथळ खाडीत शिरत, जिथे खोल तळाचं जहाज मागे येऊ शकत नाही. 18 ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं डव्ह हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. रिव्हेंजने तोफा चालवून मराठी आरमाराला पांगवलं खरं, पण बेटावरची रसद काही तुटली नाही. जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. इतिहासाच्या पुस्तकांत याचं श्रेय शौर्याला जातं, आणि ते द्यायलाच हवं. पण मला त्यात सपाट तळही दिसतो. सपाट तळाची होडी ओहोटीला वाळूवर सरळ बसते, कलंडत नाही. तिचा तळ घासता येतो, फटी बुजवता येतात आणि पुढच्या भरतीला ती पुन्हा निघते. मोठ्या जहाजाला त्याच कामासाठी गोदी लागते.

तळ घासणं ही चैन नव्हती. आपल्या उबदार पाण्यात लाकडाचे दोन शत्रू. एक म्हणजे तळाला चिकटणारी कडक शिंपली आणि शेवाळ, ज्यांनी वेग मरतो. दुसरा टेरेडो, किड्यासारखा दिसणारा पण जातीने शिंपल्यांचा भाऊबंद. तो फळीत बारीक भोक पाडून शिरतो आणि आतल्या आत बोगदे खणतो. बाहेरून फळी शाबूत, आत पोकळ. वर सांगितलेला तो लोखंडी पाइप आठवा.

यावर अरबी समुद्राचं सगळ्यांत जुनं उत्तर होतं ते म्हणजे धातूच नको. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या आणि तेल माखायचं. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला अशी शिवलेली जहाजं बघितली आणि नाकं मुरडली. खिळे नाहीत, म्हणजे धोकादायक, असं त्याचं मत पडलं. इथे मला पोलोचं पटत नाही. शिवलेली होडी लवचिक असते. लाटेबरोबर किनाऱ्यावर आपटली तरी ती वाकते, तडकत नाही. काथ्या कुजतो हे खरं, पण म्हणूनच तिला ठरावीक काळाने उसवून पुन्हा शिवायचं असतं. दुरुस्ती हा अपघात नव्हता, तो रचनेचा भाग होता. पोर्तुगीज आल्यावर लोखंडी खिळ्यांचा वापर वाढत गेला आणि खिळ्यांबरोबर गंजाचा प्रश्न आला.

इंग्रजांनी मुंबईत वेगळा मार्ग घेतला. 1736 मध्ये सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आला आणि 1750 मध्ये मुंबईची पहिली सुकी गोदी उभी राहिली. सुकी गोदी म्हणजे दगडी हौद. भरतीला दरवाजा उघडून जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी जाऊ द्यायचं, दरवाजा बंद. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, म्हणून हे जमलं. मराठ्यांनीही हे जाणलं होतं. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत गिर्ये इथे कातळात खोदलेली आरमाराची गोदी आजही बघता येते. उधाणाने होडी वर आणून सोडायची आणि भरतीने जहाज गोदीत आणायचं, या दोन गोष्टींमागचं डोकं एकच.

वाडियांनी बांधलेल्या जहाजांचं लाकूड सागवान होतं, आणि इथे आपल्या ट्रॉलीच्या दिशेने पहिलं पाऊल पडतं. इंग्लंडात जहाजं ओक लाकडाची. ओकमध्ये टॅनिन असतं, ते आम्लधर्मी असतं आणि आत ठोकलेला लोखंडी खिळा खातं. सागात तेल असतं, त्यात लोखंड टिकतं. साग स्वतः भक्कम आहेच, पण शेजाऱ्याशी त्याचं पटतं हा त्याचा खरा गुण. 1817 मध्ये मुंबईत उतरवलेलं ट्रिंकोमाली हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे.

शेजाऱ्याशी न पटण्याचं उदाहरण मात्र ब्रिटिश नौदलाने स्वतःच्या खर्चाने घडवलं. टेरेडो आणि शिंपल्यांवर उपाय म्हणून 1761 मध्ये अलार्म या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि ते वेस्ट इंडीजला पाठवलं. दोन वर्षांनी तपासलं. तांबं उत्तम स्थितीत, शिंपली नाही, किडा नाही. फक्त पत्रे जागोजाग निखळलेले, कारण त्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळे विरघळून गेले होते. काही खिळे मात्र धडधाकट निघाले. का? पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या ठिकाणी काढायचा राहिला होता. तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये एक कागद आला आणि तेवढ्याने खिळा वाचला.

अजून व्होल्टाची बॅटरी जन्मायची होती, त्यामुळे हे का घडलं ते कोणालाच सांगता आलं नाही. आज आपण सांगू शकतो. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर खारं पाणी आलं की ती बॅटरी होते. दोघांपैकी जो जास्त क्रियाशील, तो झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने हाच शाप वरदान म्हणून वापरला. तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, ते झिजले आणि तांबं वाचलं. मग जहाजं समुद्रावरून परत आली तेव्हा तळाला शिंपली आणि शेवाळ लगडलेलं. तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच ते विषारी होतं, आणि विरघळणं थांबल्यावर शिंपल्यांना घर मिळालं. नौदलाने योजना गुंडाळली. डेव्हीचं रसायनशास्त्र बरोबर होतं, हे त्यातलं सगळ्यांत जिव्हारी लागणारं. बिल्ड पास, प्रॉडक्शन डाउन.

पण त्याची कल्पना मेली नाही. 1837 मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं. तुमच्या गच्चीवरचे पत्रे, विजेचे खांब आणि दादाच्या दोन पर्यायांपैकी पहिला पर्याय, ही सगळी त्याची वंशावळ. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. म्हणजे गॅल्व्हनाइज्ड ट्रॉली ही मुदत ठेवीसारखी नसते, ती रोज थोडी खर्च होत असते.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. 1886 मध्ये हॉल आणि एरू या दोघांनी, एक अमेरिकेत आणि एक फ्रान्समध्ये, एकमेकांना न कळता ते स्वस्तात काढायची पद्धत शोधली. त्यानंतर नऊच वर्षांत अमेरिकन श्रीमंतांनी त्याची शर्यतीची नौका बांधली. डिफेंडर तिचं नाव. पाण्याखाली कांस्य, वर ॲल्युमिनियम, आत पोलादी फासळ्या. एका हलक्या धातूच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे धातू, आणि खाली समुद्र. अलार्मची गोष्ट कोणी वाचलीच नव्हती जणू. 1895 चा अमेरिका कप तिने जिंकला, आणि 1901 मध्ये ती मोडीत काढावी लागली.

ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. ओरखडा पडला तर तो पुन्हा भरून येतो. मिठातलं क्लोराइड मात्र या थराला टाचणीएवढी भोकं पाडतं, विशेषतः जिथे पाणी अडकून राहतं आणि हवा पोचत नाही. मॅग्नेशियम मिसळलेल्या मिश्रधातूंनी हा प्रश्न बराच आटोक्यात आणला. बोटींचे पत्रे बहुधा 5083 किंवा 5052 या जातीचे असतात आणि ट्रॉलीचे तुळे 6061 चे. तरीही डिफेंडरचा नियम सुटत नाही. जस्त आणि मॅग्नेशियम सोडले तर आपल्या वापरातल्या जवळजवळ प्रत्येक धातूपुढे ॲल्युमिनियमच झिजणारा पक्ष ठरतो.

एक प्रश्न मला सुरुवातीपासून सतावत होता. ट्रॉली दिवसातून दोनदा, काही मिनिटंच बुडते. मग ती एवढी का गंजते? उत्तर असं की सतत बुडालेल्या लोखंडापेक्षा भिजणारं-वाळणारं लोखंड जास्त हाल सोसतं. वाळताना पाणी उडतं आणि मीठ दाट होत जातं, वर प्राणवायू भरपूर. कुलाबा किल्ल्याच्या तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत, 1849 सालच्या, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव असलेल्या. लोक त्यांच्यावर बसून फोटो काढतात. खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं त्या टिकल्या, कारण तिथे धातू भरभक्कम जाड आहे. आमच्या पाइपाची जाडी तीन मिलिमीटर होती आणि गंज दोन्ही बाजूंनी चालू होता.

तेव्हा दादाला मी जे सांगितलं ते असं. गॅल्व्हनाइज्ड घेणार असशील तर बंद पाइप नको, उघडं चॅनल घे, आणि सगळं वेल्डिंग झाल्यावर जस्तात बुडवलेली हवी. नंतर एक जरी वेल्ड मारलास तरी तिथला मुलामा जळाला. ॲल्युमिनियम घेणार असशील तर वेल्ड केलेली नको, बोल्टने जोडलेली घे. 6061 ला वेल्ड मारला की शेजारच्या भागाची ताकद बरीच उतरते, आणि आर्गॉनवर ॲल्युमिनियम जोडणारा माणूस गावात नसतो. बोल्टची असेल तर खराब तुळई काढून दुसरी बसवता येते. शिवलेल्या होडीची टाके उसवून फळी बदलायची, तसंच हे.

बोल्ट 316 जातीच्या स्टेनलेसचे, आणि प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर व बाही. हा वॉशर म्हणजे अलार्मवरचा तपकिरी कागद. लहान स्टेनलेस बोल्ट आणि मोठी ॲल्युमिनियमची तुळई हे एकवेळ चालतं, उलटं म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीत ॲल्युमिनियमचा रिव्हेट कधीच नाही. बोट ज्या लाकडी फळ्यांवर टेकते त्यांना तांब्याचं औषध मारलेलं नसावं. वाळवीपासून टिकण्यासाठी ते मारतात, पण त्यातलं तांबं ओल्या गालिच्यातून झिरपून खालचं ॲल्युमिनियम पोखरतं. तळाला तांब्याचा रंगही नको. जी बोट रोज संध्याकाळी पाण्याबाहेर येते तिच्यावर शिंपली धरायला वेळच मिळत नाही.

चाकांबद्दल एकच गोष्ट. घरून किनाऱ्यापर्यंत ओढून आणलेल्या ट्रॉलीचे हब गरम असतात. तशीच पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. एक चहा होईपर्यंत थांबायचं आणि मग उतरायचं. ग्रीस दाबून भरणारी स्प्रिंगची टोपणं मिळतात, ती लावायची. ॲक्सल आणि बेअरिंग पोलादाचीच असतात, फ्रेम कशाचीही असो. 'ॲल्युमिनियमची ट्रॉली' हे नाव त्यामुळे थोडं फसवं आहे.

सगळे लेख, सगळे व्हिडिओ एका वाक्यावर येऊन थांबतात: रोज गोड्या पाण्याने धुवा. हे लिहिणारे फ्लोरिडात राहतात. आमच्याकडे एप्रिलनंतर किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ होतं, बोअरचं आणखी खारं, आणि टँकरचं पाणी ट्रॉलीवर ओतलं तर मामी घरात घेणार नाही. मचूळ पाण्याने धुणं म्हणजे मिठावर मीठ. ॲल्युमिनियमच्या बाजूने माझं मत झुकलं ते इथेच. धुण्यात खाडा पडला तर जस्ताचा मुलामा भराभर खर्च होतो, उघड्या तुळ्यांची ॲल्युमिनियमची फ्रेम मात्र काही दिवस माफ करते. सांधे आणि बोल्ट तेवढे बादलीभर पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने.

दादाने कर्ज थोडं वाढवून ॲल्युमिनियमची घेतली. ॲक्सल गॅल्व्हनाइज्ड, आणि तो तीन हंगामांनी बदलायचा असं धरूनच त्याचे पैसे आतापासून बाजूला पडतात. मामाचा एकच आक्षेप होता. पावसाळ्यात होडी झाकतात, तशी ही ट्रॉलीही ताडपत्रीखाली हवी. इथे मात्र मी अडून बसलो. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सगळं गोडं पाणी, फुकट. चाकं काढून, हब ग्रीस भरून घरात ठेवायचे आणि फ्रेम विटांवर, थोडी तिरकी, उघड्यावर. मागच्या जूनपासून ती नारळाखाली तशीच भिजते आहे, आणि मामा रोज सकाळी तिच्याकडे बघून मान हलवतात.